खबर देणाऱ्याचा अपराध : क्षमा करणार कोण?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त जीं व्याख्यानें योजिलीं आहेत, त्यांपैकीं आजचें व्याख्यान आम्हांकडे आलें आहे. अशा मंगल प्रसंगीं उपकारस्मरणाचा एखादा गोड विषय घ्यावा, अशी अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. परंतु उत्सवाचें पक्वान्न खाऊन झाल्यावरही संसारांतले कडू प्रश्न जागच्या जागींच राहतात. त्यांपैकींच एक प्रश्न आपल्या तरुण मंडळींनीं आम्हांस वारंवार विचारला आहे, व त्याचें उत्तर चार भिंतींआड देण्यापेक्षां सर्वांसमक्ष द्यावें असें आम्हांस वाटलें. तो प्रश्न असा : जो मनुष्य स्वतः गुन्हेगार असून पोलिसांस दुसऱ्या गुन्हेगारांची खबर देतो, त्याच्या स्वतःच्या गुन्ह्याबद्दल त्याजवर खटला व्हावा, कीं होऊं नये?

वरवर पाहतां हा वाद वकील व न्यायाधीश यांचा दिसतो. पण ज्याच्या घरीं चोरी झाली, ज्याचा मुलगा दारूच्या अड्ड्यानें नासला, ज्याच्या विहिरीचें पाणी नदीतल्या वाळूच्या उपशानें खोल गेलें, त्या माणसास विचारून पाहा. अड्डेवाला उजळ माथ्यानें चौकांत बसलेला असतो, आणि लोक एकमेकांच्या कानांत सांगतात, "त्यास कोणी हात लावणार नाहीं, तो साहेबांचा माणूस आहे." हें वाक्य ज्या गांवांत सर्वांच्या तोंडीं बसलें, त्या गांवांत न्यायावरील विश्वास किती दिवस टिकेल? आमच्या मतें खरा प्रश्न तो आहे. आम्ही कायदेपंडित नव्हों. तथापि क्षमा, दंड आणि नुकसानभरपाई ह्या गोष्टींचा विचार करणें हें आमच्या वृत्तीचें रोजचेंच काम असल्यामुळें दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्ही घेतों.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. पोलिसांस मदत करणारा गुन्हेगार म्हटलें कीं त्या एका नांवाखालीं दोन निरनिराळीं माणसें उभीं राहतात. एक खबऱ्या. कोण, कोठें, केव्हां येणार हें तो गुपचूप सांगतो. त्याचें नांव कागदावर येत नाहीं, व साक्षीच्या पिंजऱ्यांत तो उभा राहत नाहीं. गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हें सांगण्याची सक्ती मॅजिस्ट्रेटवर किंवा पोलिस अंमलदारावर करतां येणार नाहीं, अशी तजवीज १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत १२५ व्या कलमानें केलेली होती. आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही ती कायम आहे. ही तजवीज योग्यच आहे. नांव फुटलें तर खबऱ्याचा जीव जाईल, हें कोणासही समजतें.

दुसरा, माफीचा साक्षीदार. तो न्यायालयापुढें येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०६ व्या कलमांत, व आतां भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४३ व्या कलमांत त्याची माफी बांधून दिलेली आहे. अट एकच, पण भारी आहे : आपणांस ठाऊक असलेली सर्व हकीकत, स्वतःच्या वांट्याची व इतरांच्या वांट्याची, पूर्णपणें व खरी सांगितली पाहिजे. माफी कां देऊं केली याचीं कारणें मॅजिस्ट्रेटनें लिहून ठेवावीं लागतात. आरोपीनें मागणी केल्यास त्या लेखाची नक्कल त्यास फुकट मिळते. तो साक्षीदार आधींच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्यास कैदेंत राहावें लागतें. त्यानें कांहीं लपविलें अगर खोटें सांगितलें, तर मूळच्या गुन्ह्याबद्दल त्याजवर खटला चालूं शकतो. पहिल्याची सवलत अंधारांतली व दुसऱ्याची उजेडांतली. आमचें आजचें सारें विवेचन ह्या एका भेदावर उभें आहे.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील कांहीं उदाहरणें पाहूं.

२२ जून १८९७ ही तारीख आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाठ केली असेल. तोही एक ज्युबिलीचाच दिवस होता. विक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झाल्याचा समारंभ आटोपून गणेशखिंडींतून परततांना प्लेगाचा अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. मारणारे सांपडेनात, तेव्हां सरकारनें वीस हजार रुपयांचें बक्षीस लाविलें. अखेर सुगावा लागला तो द्रविड बंधूंकडून. त्यांपैकीं गणेश शंकर द्रविड हा स्वतः फसवणुकीच्या स्वरूपाच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेला इसम होता. पोलिस अधिकारी ब्रुइन यास त्यानें चाफेकरांची माहिती दिली. दामोदर चाफेकर पकडले गेले, व १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास त्यांस फांशी झाली. त्यांचे बंधु बाळकृष्ण निजामाच्या मुलखांत लपून राहिले होते, ज्या मुलखांत त्या काळीं आपलें जालनाही मोडत होतें. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्रीं वासुदेव चाफेकर व महादेव रानडे यांनीं, पोलिसांनीं बोलाविलें आहे असें सांगून, द्रविड बंधूंस घराबाहेर काढलें व गोळ्या घातल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत वासुदेव, रानडे व बाळकृष्ण या तिघांसही फांशी झाली.

चाफेकरांचें कृत्य कोणत्या तराजूंत तोलावें हा आज आमचा विषय नव्हे. आम्ही ह्या हकीकतींतून दोनच गोष्टी उचलतों. पहिली ही कीं, खबर देणाऱ्याचें चारित्र्य वाईट असूनही त्याची खबर खरी असूं शकते. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हें सरकारास तेव्हांही माहीत होतें. दुसरी ही कीं, ज्यांची खबर सरकारनें घेतली, बक्षिसाचा वांटाही ज्यांच्या पदरांत टाकला, त्यांचे प्राण राखण्याची व्यवस्था मात्र सरकारकडून झाली नाहीं. पोलिसांचें नांव घेऊन हांक मारतांच ते विश्वासानें बाहेर आले व मृत्यूच्या तोंडीं पडले. खबऱ्यास पैसा देणें सोपें आहे. त्याची जबाबदारी पत्करणें अवघड आहे.

दुसरें उदाहरण त्याहून गंभीर आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींचा वध झाला. त्याच्या दहाच दिवस आधीं, २० जानेवारीस, बिर्ला हाउसमध्यें स्फोट घडवून आणणाऱ्या मंडळींत पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हा सामील होता. त्याजबरोबर त्याचा नोकर शंकर किस्तय्या हाही दिल्लीस गेला होता. पुढें बडगे पकडला गेला, त्यानें सर्व हकीकत सांगण्याचें कबूल केलें, आणि जून १९४८ मध्यें त्यास माफी मिळाली. लाल किल्ल्यांतील विशेष न्यायालयांत न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढें त्याची साक्ष झाली. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं निकाल लागला. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस फांशी, इतर पांच जणांस जन्मठेप. आणि त्या पांचांत शंकर किस्तय्या हा एक होता.

बंधुभगिनींनो, ह्या ठिकाणीं क्षणभर थांबावें. शस्त्रें विकणारा धनी मोकळा झाला. धन्याच्या सांगण्यावरून ओझें वाहणारा नोकर जन्मठेपेचा कैदी झाला. पुढें त्याच वर्षीं पूर्व पंजाबच्या उच्च न्यायालयानें किस्तय्यास निर्दोष सोडलें, हें खरें. परंतु तोंपर्यंत एक वर्षाहून अधिक काळ तो तुरुंगांत होता. माफीच्या व्यवहारांतील मोठा धोका येथें उघड दिसतो. सांगण्याजोगी माहिती कोणापाशीं असते? जो कटाच्या मध्यभागीं बसलेला असतो त्यापाशीं. कडेला उभा असलेल्या हमालाजवळ विकण्यासारखें कांहीं नसतें. म्हणून नियम सैल ठेविला तर जितका अपराध मोठा तितकी किंमत मोठी, असा उफराटा बाजार सुरू होतो.

तरीही ह्या खटल्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. बडगेवांचून त्या कटाचा उलगडा होणें फार कठीण होतें. शिवाय त्याची साक्ष उघड न्यायालयांत, आरोपींच्या वकिलांच्या उलटतपासणीखालीं झाली. आणि न्यायाधीशांनीं ती डोळे मिटून स्वीकारली नाहीं. विनायक दामोदर सावरकर यांच्याविरुद्ध केवळ माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्यावर विसंबणें सुरक्षित नव्हे, असें ठरवून त्यांनीं सावरकरांस निर्दोष मुक्त केलें. त्या निकालाबद्दल कोणाचें कांहीं मत असो. पण ज्यानें स्वतःची सुटका मिळविण्यासाठीं तोंड उघडलें आहे त्याच्या शब्दास दुसऱ्या पुराव्याचा टेकू पाहिजे, हें तत्त्व तेथें पाळलें गेलें. सर्वोच्च न्यायालयानेंही १९५७ सालीं सरवण सिंग याच्या खटल्यांत हेंच दुहेरी माप घालून दिलें : साक्षीदार विश्वासार्ह आहे कीं नाहीं हें पाहा, व त्यानंतर त्याच्या साक्षीस पुरेसा दुजोरा आहे कीं नाहीं हें पाहा.

तिसरें उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलेलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर जो हल्ला झाला, त्यांत १६६ जीव गेले. जालन्याहून रेल्वेनें मुंबईस जाणारा मनुष्य ज्या स्थानकांत उतरतो, त्या छत्रपति शिवाजी टर्मिनसमध्यें गोरगरीब प्रवासी आपल्या गांठोड्यांशेजारीं मरून पडले. त्या हल्ल्यापूर्वीं मुंबईंतील जागांची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली, मूळ नांव दाऊद गिलानी, हा कोण होता? तो अमेरिकेच्या मादक द्रव्य विरोधी खात्याचा खबऱ्या होता. हेरॉइनच्या चोरट्या व्यापारांत तो १९८८ सालीं पकडला गेला व पुन्हां १९९७ सालीं पकडला गेला. दोन्ही वेळां त्यानें आपल्या साथीदारांची खबर देऊन शिक्षा हलकी करून घेतली. त्यानंतर त्यानें लष्कर-ए-तय्यबाच्या छावण्यांत शिक्षण घेतलें, २००६ सालीं नांव बदललें, आणि परदेशी व्यापाऱ्याच्या ऐटींत अनेकदां मुंबईस येऊन चित्रणें केलीं.

ऑक्टोबर २००९ मध्यें तो शिकागोस पकडला गेला, तेव्हां त्यानें तिसऱ्यांदा तोच सौदा केला. मार्च २०१० मध्यें त्यानें गुन्हा कबूल केला. फांशी नाहीं, व भारताच्या स्वाधीन करणें नाहीं, असें ठरलें. २४ जानेवारी २०१३ रोजीं त्यास पस्तीस वर्षांची कैद झाली. १० डिसेंबर २०१५ रोजीं मुंबईच्या सत्र न्यायालयानें त्यास माफीचा साक्षीदार करून घेतलें, व फेब्रुवारी २०१६ मध्यें दूरदृश्य यंत्राद्वारें त्याची साक्ष झाली. ती साक्ष उपयोगी नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. पण पहिल्या व दुसऱ्या वेळीं त्यास काय धडा मिळाला, याचा विचार करा. अपराधाचें मोल शिक्षेनें नव्हे, तर माहितीनें फेडतां येतें, हा तो धडा होता. आणि ज्या नाण्यानें तो हें मोल फेडीत होता, त्याची खरी किंमत शेवटीं कोणी भरली? ज्यांनीं त्याचें नांवही कधीं ऐकलें नव्हतें अशा प्रवाशांनीं.

परदेशांतील आणखी एक दाखला देऊन हा भाग संपवितों. उत्तर आयर्लंडमधील यादवीच्या काळांत ब्रिटिश लष्करानें आय. आर. ए. ह्या सशस्त्र संघटनेंत एक खबऱ्या पोसला होता; 'स्टेकनाइफ' हें त्याचें गुप्त नांव. त्या संघटनेच्या ज्या पथकाचें काम दगाबाजांस हुडकून ठार करण्याचें होतें, त्याच पथकांत हा बसलेला होता. त्याच्यामुळें शेंकडों जीव वांचले, असें पुष्कळ वर्षें सांगण्यांत येत असे. २०१६ सालीं सुरू झालेल्या केनोव्हा नांवाच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां निष्कर्ष निघाला तो उलटा : वांचले त्याहून बहुधा अधिक जीव त्याच्यामुळें गेले. लहान अपराध चालूं देऊन मोठा अपराध टाळतों, हा हिशेब गुप्त वहींत लिहिला जातो, व ती वही दुसऱ्या कोणी तपासलेली नसते. अशी वही बरोबर असण्याचा संभव किती, हें ज्यानें त्यानें आपल्या व्यवहारावरून ठरवावें.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. ते म्हणतात, गुप्त कटांत सज्जन मनुष्य साक्षीदार म्हणून हजर नसतो. म्हणून आंतल्या माणसावांचून मोठे गुन्हे उघडकीस येणार नाहींत. हें खरें आहे. ते म्हणतात, स्वतःवर खटला होणार हें ठाऊक असेल तर कोणता गुन्हेगार तोंड उघडील? हेंही बव्हंशीं खरें आहे. ते आणखी म्हणतात, एकदां वचन दिल्यावर सरकारनें तें मोडलें, तर पुढें कोणी विश्वास ठेवणार नाहीं. हें तर पूर्णपणें खरें आहे. वचनभंग हा पोलिसांनीं केला म्हणून पुण्य होत नाहीं.

परंतु ह्या तिन्ही गोष्टी मान्य केल्यानें सिद्ध काय होतें? खबर देणाऱ्यास कांहीं सवलत मिळावी, एवढेंच सिद्ध होतें. ती सवलत पोलिस अंमलदारानें आपल्या मर्जीनें, लेखाशिवाय, मुदतीशिवाय व मर्यादेशिवाय द्यावी, हें मुळींच सिद्ध होत नाहीं. काट्यानें काटा काढावा ही म्हण खरी. पण काम झाल्यावर तो दुसरा काटा कोणी तळव्यांत रुतवून ठेवीत नाहीं.

म्हणून आमचें उत्तर असें आहे. खबर देणारा असला तरी त्याच्या अपराधाची दाद कायद्यापुढें लागलीच पाहिजे; आणि सवलत द्यावयाची ती चार मर्यादांच्या आंत दिली पाहिजे.

पहिली मर्यादा ही कीं, क्षमा करणारा न्यायाधीश असावा, पोलिस नसावा. गुन्हा शोधणें हें पोलिसांचें काम. तो माफ करण्याचा अधिकार कायद्यानें त्यांस दिलेला नाहीं. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर ती नोंदविलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं ललिता कुमारी हिच्या प्रकरणांत दिलेला आहे. 'हा आमचा माणूस आहे' ह्या सबबीस त्यांत जागा नाहीं.

दुसरी मर्यादा ही कीं, जो अपराध उघड केला त्यापुरतीच सवलत असावी. काल केलेल्या चोरीची हकीकत सांगितली म्हणून उद्यां करावयाच्या चोरीचा परवाना मिळत नाहीं. ज्या दिवशीं खबऱ्या खबर देत देत स्वतःचा धंदा चालवूं लागतो, त्या दिवशीं तो कायद्याचा साहाय्यक न राहतां प्रतिस्पर्ध्यांचा कांटा काढण्यासाठीं कायद्यासच राबवून घेणारा व्यापारी होतो.

तिसरी मर्यादा ही कीं, लहान अपराध्याच्या साहाय्यानें मोठा पकडावा. मोठ्यास सोडून लहानास गुंतवूं नये. शंकर किस्तय्याची आठवण ह्यासाठींच ठेवावयाची.

चौथी मर्यादा ही कीं, टांगती तलवार ठेवूं नये. १९६७ सालीं महाराष्ट्रांतून सर्वोच्च न्यायालयापुढें गेलेल्या लक्ष्मीपत चोरडिया यांच्या खटल्यांत सोन्याच्या चोरट्या आयातींत सामील असलेल्या एका स्त्रीची साक्ष, तिच्यावर खटला न भरतां व तिला माफी न देतां, घेण्यांत आली होती. न्यायालयानें ती साक्ष कायद्यास धरून आहे असें ठरविलें. पण साथीदाराच्या डोक्यावर तलवार टांगून ठेवून त्याची साक्ष घेणें म्हणजे खोट्या साक्षीस उत्तेजन देणें होय, हाही इशारा दिला. तो इशारा आमच्या मतें खबऱ्यासही तंतोतंत लागू पडतो. ज्याच्यावर केव्हांही खटला होऊं शकतो, पण होत नाहीं, तो मनुष्य खरें काय तें सांगत नाहीं. साहेबांस काय हवें तें सांगतो. मग एखाद्या निरपराध्याचें नांव त्या यादींत जाण्यास कितीसा वेळ लागणार?

येथें कोणी विचारील, "फादर, आपण तर क्षमेचा उपदेश करणारे, मग पोलिसांनीं क्षमा केली तर आपलें पोट कां दुखावें?" ह्याचें उत्तर ह्या महोत्सवाच्या नांवांतच आहे. ज्युबिली हा शब्द ज्या हिब्रू शब्दावरून आला, तो योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. जुन्या करारांत लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाची जी आज्ञा आहे, तींत बंदिवानांची सुटका आहे, गहाण पडलेल्या जमिनीची परत आहे. पण ती सुटका कशी होते? प्रायश्चित्ताच्या दिवशीं, सर्व देशांत शिंग फुंकून. कोणास काय मिळालें व कोणाचें काय गेलें, हें सर्वांस ऐकूं येतें. क्षमा आहे, पण ती प्रायश्चित्तानंतर आहे; सुटका आहे, पण ती दवंडी पिटून आहे. कानांत कुजबुजून दिलेल्या सुटकेस योबेल म्हणत नाहींत.

आमच्यापाशीं पापकबुलीसाठीं येणाऱ्याचें गुपित आम्ही प्राण गेला तरी फोडणार नाहीं. धर्मगुरु कोणाचाही खबऱ्या होऊं शकत नाहीं. परंतु आम्ही दिलेल्या पापक्षमेनें चोरलेली गाय चोराची होत नाहीं. ती ज्याची त्यास परत केली पाहिजे, असें आम्हांस सांगावेंच लागतें. आणि सरकारी शिक्षेंतून सुटण्याची चिठ्ठीही आम्ही देत नाहीं. जकातदार जक्कय प्रभूस भेटला तेव्हां त्यानें इतर जकातदारांचीं नांवें सांगून आपली सुटका करून घेतली नाहीं. ज्यास फसविलें असेल त्यास चौपट परत देण्याचें त्यानें सर्वांसमक्ष कबूल केलें. दया न्यायास बुडवीत नाहीं, ती त्यास पूर्णतेस नेते, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. आणि चांगलें निष्पन्न व्हावें म्हणून वाईट करावें, ह्या युक्तिवादाचा संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत धिक्कारच केला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : ज्याचें नुकसान झालें त्याच्या वतीनें परभारें क्षमा करण्याचा अधिकार कोणत्या अंमलदारास कोणी दिला? गुप्त सवलतींत सर्वांत अधिक विसरला जातो तो हा मनुष्य. त्यास कोणी बोलावीत नाहीं, कोणी विचारीत नाहीं. आपला चोर कां सुटला हें त्यास कधींच कळत नाहीं.

हें सर्व आपल्या जिल्ह्यास लागू करून पाहूं. समजा, गोदाकांठच्या अंबड, घनसावंगी किंवा परतूर तालुक्यांतील एखाद्या गांवीं दोन जण चोरून वाळू काढतात. एक जण दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची खबर देतो. दुसऱ्याचा ट्रॅक्टर जप्त होतो. पहिल्याचा रात्रभर चालत राहतो. दरमहा एक जप्ती झाल्याचें कागदोपत्रीं दिसतें, अंमलदाराचें काम चोख ठरतें, आणि नदी मात्र पूर्वीइतकीच उपसली जाते. फरक एवढाच कीं आतां तिचा एकच मालक असतो. दारूच्या भट्टीचें, गुटख्याच्या पोत्यांचें व मटक्याच्या चिठ्ठ्यांचें असेंच होऊं शकतें. कुंपणानें शेत खाल्लें असें आपण म्हणतों. येथें कुंपणास खबर नाहीं असें नव्हे, कुंपणानेंच एका गुरास आंत बांधलेलें असतें.

मग आपण काय करावें? हताश होऊन घरीं बसावें, असें आम्ही सांगत नाहीं.

प्रथम, खबर देणें हें पाप नव्हे, तें कर्तव्य आहे. खून, दरोडा यांसारख्या कांहीं गंभीर गुन्ह्यांची माहिती असल्यास ती देणें हें प्रत्येक नागरिकावर कायद्यानेंच बंधनकारक केलेलें आहे. यहूदानें तीस नाण्यांसाठीं निरपराध्यास विकलें, म्हणून त्याचें नांव काळें झालें. परंतु खऱ्या अपराधाची खरी बातमी देणाऱ्यास यहूदा म्हणून हिणविणें हा अन्याय आहे. सज्जनांनीं खबर देण्याचें सोडलें, म्हणूनच दुर्जनांच्या खबरीचा भाव वाढला. ज्या गांवचे शेतकरी, शिक्षक, दुकानदार स्वतः होऊन बोलतात, त्या गांवीं पोलिसांस चोरापुढें हात पसरावा लागत नाहीं.

दुसरें, ठाण्यावर तक्रार नोंदविली गेली नाहीं तर ती लेखी स्वरूपांत जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे धाडतां येते. तेथेंही दाद लागली नाहीं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतां येतो. अपराधी कोणाचा माणूस आहे, हें त्या अर्जांत लिहिण्याची गरज नाहीं. त्यानें काय केलें एवढेंच लिहावें. चार कुटुंबांनीं मिळून सही केली तर भीतिही चौघांत वांटली जाते.

तिसरें, जो स्वतःचा वाईट मार्ग सोडून खरें सांगण्यास पुढें आला आहे, त्यास वाळीत टाकूं नये. त्याचे प्राण राखण्याचा हक्क त्यास आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानें ५ डिसेंबर २०१८ रोजीं मान्य करून सर्व राज्यांस लागू केली. तिचा आश्रय मागण्यास अशा मनुष्यास मदत करावी. द्रविड बंधूंचें मरण कोणाही खबर देणाऱ्याच्या वांट्यास येऊं नये, मग त्याचें पूर्वचरित्र कसेंही असो. पण त्यानेंही आपल्या अपराधाचा हिशेब उघड न्यायालयांत द्यावा, शिक्षा झाल्यास ती सोसावी, व ज्याचें घेतलें त्याचें परत करावें. तसें करणारा मनुष्य पुन्हां आपल्या पंक्तींत मानानें बसण्यास योग्य आहे, आणि त्याचें पान वाढण्यास आम्ही स्वतः उभे राहूं.

चौथें आणि शेवटचें आपल्या घरांतलें आहे. आपल्याच मुलाचा, भावाचा, पुतण्याचा अपराध झांकण्यासाठीं ठाण्यांत ओळख शोधूं नये. 'साहेबांचा माणूस' ही जात आपल्या अशाच विनवण्यांतून जन्मास येते. ज्यास स्वतःच्या घरासाठीं काळोखांतली क्षमा हवी असते, त्यास दुसऱ्याच्या काळोखाबद्दल बोलण्यास तोंड उरत नाहीं.

बंधुभगिनींनो, ह्या महोत्सवांत आपण घंटा वाजविल्या, मिरवणूक काढली, गरिबांस अन्न दिलें. योबेलाचें शिंग मात्र अजून फुंकावयाचें आहे. ज्या दिवशीं ह्या जिल्ह्यांतील एखादी विधवा ठाण्याच्या पायऱ्या चढतांना, समोरचा चोर कोणाचा माणूस आहे याची चौकशी न करतां आपली तक्रार नोंदवून सुखरूप घरीं परतेल, त्या दिवशीं तें वाजलें असें आम्ही समजूं. तोंपर्यंत न्यायाची भूक आपल्या अंगीं जागी राहो, व ती बोलून दाखविण्याचें धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो.